आठ कोरियनांचं जेवण

७ ऑक्टोबर १९८५

आज विहिरीवर त्या परदेशी खलाशांना दगडांनी मारलं. मी पाणी भरत होते, त्यामुळे सगळं समोरच घडलं.

दोघे जण पत्र्याचे डबे घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर आले. विहिरीपाशी थांबून वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. पहिला दगड कोणी मारला ते दिसलं नाही. दुसरा भिकू भावजींनी मारला. तो उंच माणसाच्या कानावर बसला. कान फाटून खाली लोंबला. त्या माणसाने भरलेला डबा टाकला नाही, तसाच दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरत गेला आणि रक्त गळून डब्यात पडत राहिलं. वाडीतली माणसं मागून ओरडत होती. मीही ओरडले, पण काय ओरडले ते आठवत नाही.

त्यांचा ट्रॉलर आठवड्यापासून खाडीच्या मुखाशी उभा आहे. इंजिन गेलंय. मुंबईच्या कुठल्या कंपनीने तो कोरिया देशातून भाड्याने आणलाय. कस्टमवाल्यांनी कागद ठेवून घेतलेत, म्हणून माणसांना कुठे जाता येत नाही. आठ जण आहेत.

असल्या ट्रॉलरांनी आमच्या वाडीचं काय केलं ते मला कोणी सांगायला नको. रात्रीचे किनाऱ्याजवळ येतात, आमची जाळी ओढून नेतात, मासा तळापासून खरवडतात. हे गेले त्याला दोन वर्षं होतील. काळोखात अशाच एका मोठ्या बोटीने आमची होडी मधोमध फोडली. होडीवर दोघेच होते, हे आणि ह्यांचे धाकटे भाऊ भिकू. भावजी रिकामा डबा धरून तरंगत राहिले आणि वाचले. ह्यांना समुद्राने पुढे गुहागरच्या वाळूत नेऊन टाकलं.

संध्याकाळी कंपनीचा माणूस काशीराम माझ्या धक्क्यावरच्या खानावळीत आला. म्हणाला, आठ माणसांचं दोन वेळचं जेवण द्याल का? धक्क्यावर दुसरं कोणी द्यायला तयार नाही. उद्या सांगते म्हटलं.

८ ऑक्टोबर

आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं. त्या सुकट निवडत होत्या. मग म्हणाल्या, "ज्यांनी माजा रामा नेला त्यांना तू भात वाढणार?"

मी म्हटलं, ह्याच लोकांनी नेलं हे आपल्याला कुठं ठाऊक आहे?

"तुला ठाव नसंल. दर्याला ठाव हाय."

काशीरामला हो सांगितलं. का सांगितलं ते स्वतःशी खरं लिहायचं तर दोन गोष्टी आहेत. खानावळीत मासळीच्या गाड्यांचे ड्रायव्हर येत, ते आता धक्क्यावर मासळीच नाही म्हणून येत नाहीत. आणि दुसरं, तो डबा. इतकं लागलं तरी माणसाने पाणी सोडलं नाही.

१० ऑक्टोबर

भिकू भावजींनी खानावळीत येऊन चुलीवरचा भाताचा टोप लाथेने उडवला. मी आडवी गेले तर माझा हात पिरगळून मला खांबावर आपटलं. भुवई फुटली. "माज्या भावाच्या तोंडचा घास त्यांना घालतंस काय," म्हणत होते. डोळे लाल होते, पण दारूचा वास नव्हता. जाऊ सुंदरा धावत आली, तिने ओढून नेलं. जाताना तिलाही एक बसली.

रागाचे आहेत, पण मनाचे वाईट नाहीत. ह्यांची आठवण आली की त्यांचं असं होतं. ह्यांच्या मागे मला ताजी मासळी कोणी दिली? त्यांनीच. एक दिवस चुकवला नाही.

भुवईवर हळद दाबली आणि दुसरा भात लावला.

१३ ऑक्टोबर

जेवणाचे डबे मीच होडीने बोटीवर पोचवते. कान फाटलेल्या माणसाचं नाव पाक. चाळिशीचा असेल. पूर्वी अरबांच्या देशात दम्मामला हिंदुस्थानी मजुरांबरोबर काम करायचा, म्हणून मोडकंतोडकं हिंदी येतं. बाकीचे हाताने बोलतात. कप्तान जाडा आहे, सारखा सिगारेट ओढतो. त्यांचा एक म्हातारा मेकॅनिक आहे, चो नावाचा. तो जेवत नाही. माझं कालवण सगळ्यांनी खाल्लं, त्याने एक घास घेतला आणि उलटी केली. हाडांवर नुसतं कातडं उरलंय. पाक म्हणाला, पोटाचा आजार आहे, पण त्याहून मोठा आजार म्हणजे त्यांच्याकडचं जेवण संपलं. त्यांचा स्वयंपाकी मुंबईलाच उतरून पळून गेला.

निघताना मी पाकला सरळ विचारलं. दोन वर्षांपूर्वी तुमच्या बोटीने ह्या समुद्रात होडी फोडली का?

तो बराच वेळ माझ्या भुवईकडे बघत होता. मग म्हणाला, हे जहाज ह्या मार्चमध्येच पहिल्यांदा हिंदुस्थानात आलं. आधी कधी नाही. कप्तानाकडून शिक्क्याचा कागद आणून दाखवला. आकडे मला वाचता आले. पंचाऐंशी सालच होतं.

मी ते आईंना सांगितलं. भावजींना पण सांगितलं. भावजी म्हणाले, "कागूद काय कुनी पन दाकवील." आणि उठून गेले.

१५ ऑक्टोबर

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर कुत्रं. धक्क्यावरचंच, पिवळं, पोट कापलेलं. वाडीत बोलतात की हे लोक कुत्री खातात आणि मी त्यांना शिजवून घालते. काल बाळा तांडेल माझ्या तोंडावर म्हणाला, वयनी, तुज्या टोपाला आता हात कोन लावनार?

कुत्र्याला मीच ओढत नेऊन माडाखाली पुरलं. हाताला लागलेला वास दिवसभर गेला नाही.

दुपारी बोटीवर गेले. चो बसूही शकत नव्हता. पाकने मला एक रिकामा लाल डबा दिला. त्यावर त्यांची अक्षरं आहेत, गोल आणि काठ्या, लहान मुलाने काढल्यासारखी. म्हणाला, ह्यात मिरचीचा गोळा येतो. मुंबई एवढं मोठं शहर, कुठे तरी कोरियन दुकान असेल, कोरियन हॉटेल असेल. पाणी भरण्यापुरतं सोडलं तर आम्हाला उतरायची बंदी. तू जाशील?

काशीरामला सांगितलं. त्याला म्हातारा मेला तर कंपनीला कागद करावे लागतील ह्याची भीती. एसटीचं भाडं त्याने दिलं.

१७ ऑक्टोबर, मुंबई

माझी बहीण सावित्री लालबागला राहते. तिचे यजमान सदूभावोजी गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली, त्यांना परत घेतलं नाही. आता ते घरात बसून भिंतीकडे बघतात. मी डबा दाखवला तेव्हा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, असं सावित्री म्हणाली. चल, शोधू तुझा कोरिया, म्हणाले.

क्रॉफर्ड मार्केटात सगळी दुकानं फिरलो. एकाने जपान म्हटलं, एकाने बर्मा. एका सुक्या मेव्यावाल्याने डबा उलटा धरून वाचल्यासारखं केलं. कामाठीपुऱ्याजवळच्या गल्लीत चिनी हॉटेलं आहेत, तिथे गेलो. पहिल्या हॉटेलातली म्हातारी चिनी बाई डबा बघून मान हलवत राहिली आणि मला फुकट चहा दिला.

दुसऱ्याच्या दारात गल्ल्यावर एक आपलाच माणूस बसला होता. त्याने विचारलं, कोरियन काय करायचंय, कुत्र्याचं मटण पाहिजे का? बसलेली गिऱ्हाइकं हसली. सदूभावोजींनी गल्ल्यावरची बाटली उचलून त्याच्या तोंडावर मारली. मग हॉटेलातल्या चौघांनी त्यांना रस्त्यावर घेतलं. मी मध्ये पडले तर मला ढकललं. भावोजी गटारीच्या कडेला पडून मार खात होते आणि ओरडत नव्हते. मारणारे दमले तेव्हा थांबले. पुढचे दोन दात गेले.

घरी आल्यावर सावित्री माझ्याशी बोलली नाही. भावोजी मात्र रुमाल तोंडाला लावून म्हणाले, उद्या गोदीकडे जाऊ. त्यांना कशाचा एवढा राग होता कळलं नाही. त्यांना थोडंच कोणी काही म्हटलं होतं?

१८ ऑक्टोबर, मुंबई

गोदीच्या बाहेर खलाशांच्या टपऱ्या आहेत. तिथे एका पंजाबी ड्रायव्हरने डबा ओळखला. म्हणाला, कुलाब्याला एक बाई आहे, कोरियन कंपन्यांच्या साहेबांना जेवण देते, मी तिच्याकडे कोबीची पोती टाकतो.

कुलाब्याच्या मागच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावर पहिला मजला. पाटी नाही. जिन्यातच वास आला, आंबलेला, लसणीचा. दार उघडलं ती माझ्याच वयाची बाई, गोरी, बारीक डोळ्यांची, हात कोपरापर्यंत लाल. मी बोलायच्या आत तिने माझ्या हातातून डबा ओढून घेतला आणि झाकणाचा वास घेतला.

आत चार टेबलं आणि मागे कोठार. तिच्या कोठारात मिरचीचा गोळा होता, सोयाबीनचा काळपट गोळा होता, कागदासारखं वाळवलेलं समुद्राचं शेवाळ होतं. सगळं त्यांच्या जहाजांवरून येतं, दुकान म्हणून कुठे नाही. मी चोचं सांगितलं. तिने मोडक्या हिंदीत विचारलं, कुठल्या गावचा? मला कुठून माहीत असणार. तिने सगळ्यातलं थोडं थोडं बांधून दिलं.

मग मला जमिनीवर बसवून किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं, शिकवलं. कोबी मिठात मुरवायचा, पिळायचा, मग मिरची, लसूण, आलं, मुळ्याच्या काड्या चोळायच्या, बरणीत दाबायचं. ती म्हणाली, ह्यात बारीक खारवलेली कोळंबी लागते, ती मुंबईत नीट मिळत नाही. मी पिशवीतून जवळा काढून दाखवला, सावित्रीसाठी आणला होता त्यातला उरलेला. तिने चिमूटभर तोंडात टाकला आणि माझ्या खांद्यावर जोराने थाप मारली. मला रडू आलं. का ते माहीत नाही. आमच्याकडचा जवळा कोणी असा खाताना बघून बरेच दिवस झाले.

मी निघताना ती म्हणाली, तुम्ही लोक त्यांना मारता का? मी नाही म्हटलं. तिने माझ्या भुवईकडे बघितलं.

२१ ऑक्टोबर

काल घरी पोचले. खेडला गाडी बदलताना तिने दिलेली बरणी मांडीवरच धरून बसले होते. आज कोबी मिठात घातला. आई लांबून बघत होत्या. वास आल्यावर म्हणाल्या, "जवला घातलास?" मी हो म्हटलं. मुळा जाड चिरलाय, म्हणाल्या.

मी नव्हते तेव्हा ट्रॉलरचा मागचा दोर कापला गेला. ओहोटीला तो खडकावर घसटत होता. पाण्याला उतरलेल्या एका खलाशाला तिघांनी धरून खाडीत बुडवून वर काढलं, पुन्हा बुडवलं. पाकने उडी मारून सोडवला. पाकनेच हे सांगितलं. म्हणाला, पुढच्या वेळी मी पण मारीन.

२६ ऑक्टोबर

भिकू भावजी आज खानावळीत आले. मी घाबरून चुलीतलं लाकूड हातात घेतलं. ते पायरीवर बसले. भुवई बरी झाली का विचारलं. मग म्हणाले, "चुकलं माजं, वयनी. मानूस हाय, डोकं फिरतं."

बरणीचं झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते ह्यांच्यासारखे हसले. संध्याकाळी होडीतून जेवणाचे डबे पोचवायला स्वतःहून वल्ही मारली. बोटीला हात लावून बघत होते. केवढी जाड लाकडं, केवढी मोठी बोट, म्हणाले. डिझेलची पिंपं कुठे ठेवतात ते पाकला विचारायला सांगितलं. मी विचारलं, त्याने दाखवलं. पुरुषांना यंत्राचं कौतुक असतंच.

आईंना सांगितलं तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

२९ ऑक्टोबर

किमची मुरली. मी चाखली. आंबट, तिखट, आणि मागे जवळ्याची चव. वाईट नाही. भाताबरोबर अजून खावीशी वाटते.

बोटीवर न्यायच्या ऐवजी त्यांना एकदा जमिनीवर बसवून जेवू घालावं असं माझ्या मनात आलं. चोला माती लागेल पायाला. खाडीच्या बाजूला मासळी वाळवायचं खळं आहे, तिथे मांडव आहे. कस्टमचा शिपाई काशीरामच्या ओळखीचा, तो दुपारपुरता डोळेझाक करील. मी हे भावजींना बोलले. त्यांनी लगेच हो म्हटलं.

"सगल्यांनाच बोलव," म्हणाले. "येक जन बोटीवर ऱ्हायला तर त्याचा जीव तिथं तुटंल. मी हाय ना, मी बघतो बोटीकडं."

मोठ्या भावासारखं बोलले.

३१ ऑक्टोबर

खळ्यात मांडवाच्या आतल्या बाजूला काळोख असतो, म्हणून कंदील मागायला सुंदराकडे गेले. तिने माळ्यावरून एक काढून दिला. बघते तर आमच्या होडीचा. ह्यांनी त्याच्या मुठीला निळी पट्टी मारली होती. मी म्हटलं, हा तर होडीबरोबर बुडाला ना?

सुंदरा म्हणाली, नाही, त्या रात्री काच तडकली होती म्हणून नेलाच नव्हता. थोरले भाऊ दुरुस्त कर म्हणाले होते, आमच्या ह्यांच्याच्यानं ऱ्हावून गेलं, तसेच बिनकंदिलाचे गेले दोघं. एवढ्यात भावजी आत आले आणि ती गप्प झाली. भावजींनी तिच्या हातातून कंदील घेतला आणि परत माळ्यावर टाकला. दुपारचं जेवण, कंदील कशाला, म्हणाले. खरंच आहे म्हणा.

बरं झालं, ह्यांची एक तरी वस्तू वाचली. नंतर मागून घेईन.

२ नोव्हेंबर

उद्या जेवण. पाकला सांगितलं. कप्तान आधी नाही म्हणाला, एक जण बोटीवर राहील म्हणाला. मी हट्ट केला, सगळे आलात तर मला बरं वाटेल म्हटलं. पाकने त्याला समजावलं. माझे दीर बोटीवर लक्ष ठेवतील असं मी शपथेवर सांगितलं.

४ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. हात भाजलाय म्हणून अक्षर वाकडं येतं.

दुपारी ते आले, त्यांच्या छोट्या बोटीतून, आठही जण. अंघोळ करून, केस विंचरून. पाकने चोला पाठीवर घेऊन वाळूतून आणलं. मी चटया घातल्या होत्या. भात, बांगड्याचं लाल कालवण त्यांच्या मिरचीच्या गोळ्यातलं, सोयाबीनचं पाणी, शेवाळ, आणि मध्ये किमचीची बरणी.

चोने एक काडी किमची तोंडात घातली आणि डोळे मिटले. मग त्याने भात ओढून घेतला आणि खायला लागला. नाकातून पाणी येत होतं, तसाच खात होता. पुन्हा मागितलं. पुन्हा मागितलं. कप्तानाने सिगारेट विझवली आणि हसत माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. पाकने सांगितलं, तो म्हणतो तू त्याच्या आईसारखं वाढतेस.

तेव्हा कप्तानाच्या मागे समुद्रावर मला धूर दिसला. काळा, जाड. त्यांच्या बोटीतून. मला वाटलं इंजिन चालू झालं. मी भावजींचं नाव घेऊन हाक मारणार होते.

खडकाच्या आडून आमची माणसं आली. वीसेक असतील. वल्ही होती, कोयते होते. पुढे भिकू भावजी. कोणी ओरडत नव्हतं, नुसता वाळूत पाय रुतल्याचा आवाज. कप्तान उठून पाण्याकडे धावला. बाळा तांडेलने मागून मानेवर वल्हं घातलं. कप्तान तोंडावर पडला, तिथे वीतभर पाणी होतं, बाळाने पाय देऊन त्याचं डोकं त्यात दाबून ठेवलं. मी बघत होते. पाय हलायचे थांबले ते मी बघितलं.

बाकीचे चौफेर पळाले. ताटं उलटली. एकाच्या पाठीत कोयता बसला तो तसाच कोयता घेऊन पळत होता. पाकने चोला पुन्हा पाठीवर घेतलं होतं. भावजींनी पाकच्या हातावर वार केला, चोला धरलेल्या हातावर. बोटं वाळूत पडली. चो खाली पडला. तो उठलाच नाही, उठता येत नव्हतंच त्याला. भावजी त्याच्यावर वाकून मारत सुटले, कोयत्याच्या मागच्या बाजूने, तोंडावर, पुन्हा पुन्हा, आणि ओरडत होते, "दिसला नाय तुला? दिसला नाय? येवडी होडी दिसली नाय?"

काय म्हणत होते मला कळलं नाही. चोला तर मराठी येत नाही.

मी चुलीवरचं कालवणाचं पातेलं उचललं. कापड घेतलं नाही. सगळं भावजींच्या पाठीवर ओतलं. ते किंचाळून वळले. कोयता वर उचलला. माझ्याकडे बघत होते पण त्यांना मी दिसत नव्हते. मी म्हटलं, "भिकू, मी मैना." दिराला एकेरी नावाने हाक मारायचं नाही, पण तेव्हा तेच तोंडात आलं. त्यांनी कोयता टाकला आणि वाळूत बसले. पाठीची कातडी शर्टाबरोबर सुटत होती.

चो मेला होता. त्याच्या तोंडात अजून भात होता.

ट्रॉलर संध्याकाळपर्यंत जळत होता. डिझेलची पिंपं एकामागून एक फुटत होती.

५ नोव्हेंबर

पोलीस आलेत. वाडीतले पुरुष निम्मे वर डोंगरातल्या सड्यावर पळालेत, निम्मे मुंबईला. भावजींना पळता आलं नाही, घरी पालथे पडून आहेत. मी स्वयंपाक करत होते, धुरात काही दिसलं नाही, असं सगळी वाडी माझ्यासाठी ठरवून बसलीय.

आईंनी आज माझे पाय धरले. मी मागे सरले तर गुडघ्यावर सरपटत आल्या. "येक दर्यानं नेला. दुसरा तू नेऊ नको गो."

रात्रभर सुंदरा पायरीवर बसून होती. म्हणाली, दोन वर्षं त्यांना झोप नव्हती, मैना. उठून माळ्याकडे बघत बसायचे. भावाचं दुःख किती खोल असतं.

७ नोव्हेंबर

दापोलीच्या इस्पितळात पाकला बघायला गेले. उजवा हात बांधलेला. तीन बोटं नाहीत. मी भात आणि किमची नेली होती, बरणीत तळाला उरलेली. त्याने मला ओळखलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं. मी डबा खाली ठेवून बराच वेळ उभी होते. नर्स म्हणाली, बाई, वास मारतोय, घेऊन जा. मी उचलून घेऊन आले.

येताना एसटीत बसून ठरवलं. ठरवलं असं नाही, ठरून गेलं.

९ नोव्हेंबर

जबाब दिला. फौजदार तरुण आहे, देशावरचा. पहिला वार कोणी केला विचारलं. मी म्हटलं, कप्तानावर बाळा तांडेलने. म्हाताऱ्याला कोणी मारलं? भिकूने. कोण भिकू? माझे दीर. त्याने मान वर करून बघितलं, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं.

मग त्याने विचारलं, हे सगळेच्या सगळे बोट सोडून किनाऱ्यावर आले कसे?

मी म्हटलं, मी बोलावलं. माझ्या शब्दावर आले.

तो म्हणाला, ते लिहायची गरज नाही बाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, लिहा.

त्याने लिहिलं. मी सही केली.

१० नोव्हेंबर

सकाळी पोलीस भावजींना घेऊन गेले. पाठीवर केळीचं पान बांधून, पालथं झोपवून. माझ्याकडे बघितलं नाही. सुंदरा गाडीमागे धक्क्यापर्यंत धावत गेली.

मी घरी आले तर आई अंगणात होत्या. माझी भांडी, माझं अंथरूण, तांदळाचा डबा, सगळं फणसाखाली नीट मांडून ठेवलं होतं. बाजूला तीन दगड, चूल मांडून. लाकडंही ठेवली होती, सुकी बघून. मी दिसताच त्या उठल्या. आत गेल्या आणि कडी लावली.

मी तिथेच चूल पेटवली. धूर डोळ्यात गेला. वाडीतल्या बायका आपापल्या दारातून बघत होत्या, कोणी जवळ आलं नाही. भात झाला. त्यातला आईंचा वाढून पायरीवर ठेवला, वर झाकण घातलं. संध्याकाळपर्यंत तो तसाच होता.

काल सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी जेवले.